तसेच बसून राहा

१

दोष माझा होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी बाबांबद्दल बरंच वाईट लिहिणार आहे. ते सगळं खरं आहे. पण दोष माझा होता.

बाबा आरेखक होते. छत्तीस वर्षं त्यांनी एका सरकारी कचेरीत नळांचे आणि गटारांचे नकाशे काढले. रेघ सरळ लागायची, आणि माणूसही. मी तिसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं तेव्हा ते ओरडले नाहीत. भिंतीवरचं माझं वेळापत्रक त्यांनी काढलं, चार कोपऱ्यांच्या चार टाचण्या डबीत परत ठेवल्या आणि कागद पाठकोरा म्हणून वापरायला घेतला. मागच्या बाजूला दुधाचा हिशेब लिहिला. त्यापेक्षा एक ठेवून दिली असती तर परवडली असती.

आई जाऊन सहा वर्षं झाली. घरात आम्ही दोघं. मी संगणक दुरुस्तीच्या दुकानात कामाला आणि बाबा घरात. ताई लग्न होऊन दुसऱ्या शहरात. संगणक आणायचा हुकूम तिचाच होता.

"तू घरीच असतोस ना?"

"दुकानात असतो."

"तेच ते. बाबांना एक कॉम्प्युटर लावून दे. सोपं काहीतरी टाक त्यात, मोठी अक्षरं, मोठी बटणं. मोबाइलवर व्हिडिओ कॉल केला की ते फोन कानाला लावतात. मी वर्षभर त्यांचा फक्त कान बघतेय."

दुकानात एक जुना पण धडधाकट संगणक पडून होता. म्हाताऱ्या माणसांसाठी बनवलेली एक साधी ऑपरेटिंग सिस्टिम असते, फुकट मिळते. ती मी त्यात भरली. चालू केलं की पडद्यावर चारच चौकोन, एकेक तळहाताएवढा: पत्र, बातम्या, ताई, मदत. बाकी सगळं मी कुलूपबंद केलं. रविवारी सकाळी आतल्या खोलीत खिडकीजवळच्या टेबलावर मांडणी केली. बाबा शेजारी खुर्ची ओढून बसले. मांडीवर नवी वही, हातात टोक काढलेली पेन्सिल.

"हे दाबलं की काय होतं?"

"दाबून बघा."

"बिघडलं तर?"

"नाही बिघडत हो."

"तुला काय माहीत? तू अर्ध्यातच सोडलंस."

त्यांनी वहीत, नकाशावर लिहितात तशा टपोऱ्या सुट्या अक्षरांत लिहिलं: 'पायरी १ : पांढरे बटण दाबणे. हिरवा दिवा लागेपर्यंत थांबणे.' खाली पट्टी ठेवून रेघ मारली. एवढ्याला चार मिनिटं लागली. मला त्यांची मानगूट दिसत होती, कंगवा फिरवलेली, स्वच्छ. मला ती आवळावीशी वाटली. असल्या गोष्टी लिहू नयेत म्हणतात, पण वाटली.

२

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले.

"बाण कुठे गेला?"

"माउस हलवा."

"हलवला. टेबल संपलं."

"उचलून परत मधे ठेवा ना बाबा."

"उचलायचा असतो? तू सांगितलं नाहीस. पायरीत नाही ते."

दिवसाला दहा-बारा फोन. आमच्या मालकाला आम्ही चिमटा म्हणतो, कारण बारीक भाग उचलायचा चिमटा त्याच्या हातातून जेवतानाही सुटत नाही. तो हसायचा. "उचल रे. बापाला गिऱ्हाईक समज. गिऱ्हाइकाशी किती गोड बोलतोस." खरं होतं. अनोळखी म्हाताऱ्यांशी मी गोडच बोलायचो. अहो काका, काळजी करू नका, मी आहे ना. बाबांचं नाव स्क्रीनवर आलं की माझा जबडा आवळायचा.

आठवड्याने मी त्यांना सांगितलं, आता फोन करायचा नाही. अडलं की 'मदत' दाबायचं, तिथे लिहायचं, मी दुकानातून उत्तर देईन. त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. पायरी ६.

मी उत्तर देणार नव्हतो. 'मदत'च्या मागे मी एक छोटा प्रोग्राम लावला होता. त्यात तीन वाक्यं भरली. पहिल्यांदा दाबलं की जायचं: "हो बाबा, बघतो." पाच मिनिटांत परत दाबलं तर: "वहीत बघा, लिहिलंय तिथे." आणि तिसऱ्यांदा दाबलं तर: "आता काहीही दाबू नका. तसेच बसून राहा. मी येतोय."

तीन वाक्यं लिहायला दहा मिनिटं लागली. तिसरं लिहिताना मला हसू आलं, कारण ते माझं नव्हतं. मी नऊ-दहा वर्षांचा असताना त्याच आतल्या खोलीत एक लाकडी स्टूल होतं. गणितं घालून बाबा मला त्यावर बसवायचे. "जागचा हलू नकोस. सोडवायला घे, मी येतोच." आणि जायचे. कधी कचेरीत, कधी खालच्या बाकावर गप्पा मारायला. मला दोन अंकी भागाकार येत नव्हता. मी पेन्सिल हातात धरून बसून राहायचो. खिडकीतलं ऊन टेबलावरून सरकत भिंतीवर जायचं. ते यायचे तेव्हा पान कोरं असायचं आणि मग पट्टी निघायची.

तेव्हा म्हटलं, घ्या.

३

फोन थांबले. चिमटा म्हणाला, "बाप शिकला वाटतं." मी म्हणालो, "शिकवलं तर शिकतात."

संध्याकाळी घरी गेलो की बाबा त्याच खुर्चीत असायचे. पहिल्या आठवड्यात एकदा म्हणाले, "दुपारी येणार होतास ना?"

"काम आलं."

"असू दे."

परत त्यांनी विचारलं नाही. मला बरं वाटलं. म्हातारी माणसं लवकर विसरतात, असा माझा समज होता.

दोन महिने झाले असतील. एका संध्याकाळी त्यांचा चष्मा शोधताना टेबलावरची वही उघडली. पायरी १ ते ६ मी सांगितलेल्या होत्या. सातवी मी सांगितलेली नव्हती.

'पायरी ७ : मुलगा येतो म्हणाल्यास हात गुडघ्यांवर ठेवून बसणे. येईपर्यंत हलू नये.'

मी ते दोनदा वाचलं. मला कानाच्या पाळ्या गरम झालेल्या जाणवल्या. म्हणजे ते खरंच बसायचे. गंमत म्हणून लिहिलेलं एक वाक्य, आणि एकाहत्तर वर्षांचा माणूस हात गुडघ्यांवर ठेवून बसायचा, कारण आयुष्यभर त्यांनी सूचनेबाहेर एक रेघ मारली नव्हती.

मग मी पुढचं वाचलं.

'पायरी ८ : दार वाजणार नाही. दाराकडे बघू नये.
पायरी ९ : स्टूल उजवीकडे ठेवणे.
पायरी १० : तो टाइप करत असताना वळून बघू नये.
पायरी ११ : तो बोलत नाही. वाईट वाटून घेऊ नये. लहानपणी मीच बोलू दिले नाही.'

त्याच्या खाली 'पायरी १२ : दुसरा कुणी आल्यास', आणि पुढे काही नाही. रेघही मारलेली नव्हती. बाबा अर्धवट वाक्याखाली रेघ मारत नाहीत.

मी उजवीकडे पाहिलं. स्टूल होतं. ते लाकडी स्टूल बारा वर्षं माळ्यावर, रिकाम्या रंगाच्या डब्यांखाली पडलेलं होतं. माळ्यावर चढायला शिडी लागते, आणि बाबा शिडीची तिसरी पायरी चढले की त्यांना चक्कर येते. आता ते स्टूल पुसून खुर्चीला चिकटवून ठेवलेलं होतं.

"हे कुणी काढलं?"

"तूच दिलंस काढून," बाबा बाहेरच्या खोलीतून म्हणाले. "चष्मा सापडला का?"

"आणि वहीत 'तो' कोण आहे?"

ते दारात आले. चुकीचं उत्तर दिलं की बघायचे तसं माझ्याकडे बघितलं, पण जरा मायेने. "अरे तूच. वहीत 'तू' कसं लिहिणार? ते पत्र झालं असतं."

म्हणजे विसरायला लागले, मी ठरवलं. वय झालं. खालच्या इस्त्रीवाल्याला हाक मारून स्टूल काढून घेतलं असेल आणि माझं नाव लावत असतील. सगळं जुळत होतं. दुसऱ्या दिवशी इस्त्रीवाल्याला विचारायचं मी ठरवलं. विचारलं नाही. विचारलं आणि तो नाही म्हणाला, तर काय करायचं, हे मला माहीत नव्हतं.

४

तीन दिवसांनी दुपारी दीडच्या सुमाराला मला घरी जावं लागलं. बारीक स्क्रू ड्रायव्हरचा संच घरी राहिला होता.

आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. दुपारी जिना रिकामा असतो, त्यामुळे प्रत्येक आवाज भिंतीला आपटून येतो. पहिल्या मजल्यावर पोचलो तेव्हा कीबोर्डचा आवाज ऐकू आला.

बाबा एका बोटाने टाइप करतात. उजव्या हाताची तर्जनी अक्षरावर घिरट्या घालते, मग एकदाच आपटते. ट्क. मग ते वर बघतात. मग पुन्हा शोध. एका मिनिटात पाच-सहा अक्षरं झाली तर खूप.

जिन्यात येणारा आवाज दहा बोटांचा होता. सलग, भरभर, अधूनमधून अंगठ्याने मधली लांब कळ दाबल्याचा जड ठोका. आणि तो ठोका डाव्या अंगठ्याचा होता. हे आवाजावरून कसं कळलं म्हणाल, तर मी तसाच दाबतो. माझ्या उजव्या अंगठ्याचं हाड लहानपणी मोडलंय. डाव्या अंगठ्याने दाबलं की ठोका किंचित उशिरा पडतो. तो उशीर मला ओळखू आला. आपल्याच पावलांचा आवाज मागून यावा तसं झालं.

मी कुलपात किल्ली घातली. आवाज थांबला.

आतल्या खोलीत बाबा खुर्चीत बसलेले. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर, नजर पडद्यावर. पडद्यावर 'पत्र' उघडलेलं, आणि पान भरलेलं. मी वाचायच्या आत त्यांनी मान न वळवता विचारलं, "कोण?"

"मी."

हळूच वळले. माझ्याकडे पाहिलं, मग उजवीकडच्या स्टुलाकडे, मग परत माझ्याकडे. एक हिशेब चुकला आणि तो कुठे चुकला ते सापडत नाही, असा चेहरा.

"कधी उठलास?" ते म्हणाले.

"मी आत्ता येतोय बाबा. दुकानातून."

"हो का," ते म्हणाले. आणि त्यांनी 'पत्र' बंद केलं, माझ्यापासून काहीतरी झाकावं तसं.

मी संच घेऊन निघालो. जाताना स्टुलाला हात लावून बघितला. का लावला, माहीत नाही. आमच्या त्या खोलीत दुपारी ऊन येतं, आणि लाकूड उन्हाने तापतं. पण स्टूल टेबलाच्या सावलीत होतं. ते कोमट होतं. कुणी नुकतंच उठून गेल्यावर असतं तेवढंच.

जिना उतरताना मी कारणं जुळवत होतो. कीबोर्डची एखादी कळ अडकली की अक्षरं धडाधडा उमटतात. पण अडकलेली कळ आवाज करत नाही. हे मला माहीत होतं. माझं कामच ते आहे.

५

'मदत'ची नोंद त्या संगणकात आपोआप साठते. कुणी कधी काय लिहिलं, काय उत्तर गेलं, सगळं. ती मला दुकानातून बघता येत होती. त्यांचा पडदाच नव्हे, वर बसवलेला कॅमेरासुद्धा बघायची सोय मी पहिल्याच दिवशी करून ठेवली होती. गिऱ्हाइकांसाठी ती रोज वापरायचो. बाबांसाठी एकदाही वापरली नव्हती.

त्या दिवशी नोंद उघडली.

पहिल्या आठवड्यात प्रश्न होते. 'बातम्या वर सरकल्या. खाली कशा आणाव्यात.' 'ताईचे चित्र आले पण आवाज नाही. माझी चूक काय.' ट्क, ट्क, एका बोटाने लिहिलेलं एकेक वाक्य. आणि उत्तरं माझी: हो बाबा, बघतो. वहीत बघा. मी येतोय.

मग प्रश्न बदलले. 'आलास का.' 'किती वेळ लागेल.' 'पाणी पिण्यास उठू का.' 'हात खाली घेतला होता, परत ठेवला आहे.'

'तसेच बसून राहा. मी येतोय.'

हे वाक्य अडतीस वेळा गेलं होतं. प्रत्येक वेळी पुढची नोंद कित्येक तासांनी, मी घरी पोचायच्या थोडी आधी. एकदा सकाळी दहा पाचला वाक्य गेलं होतं आणि पुढची नोंद संध्याकाळी पाच चाळीसची होती: 'ऊन भिंतीवर गेले.'

मी पान वाचत होतो आणि चिमटा मागून म्हणाला, "काय रे, पांढरा पडलास. शॉक बसला?" मी म्हणालो, "हो, जरासा."

अडतीसाव्या वेळेनंतर एकच नोंद होती. बाबांनी काही लिहिलेलं नव्हतं, नुसतं 'मदत' दाबलं होतं. समोर उत्तर होतं.

'आलो.'

माझ्या तीन वाक्यांत ते नव्हतं. मी प्रोग्राम उघडून बघितला. तीनच वाक्यं. त्या तारखेनंतर बाबांनी 'मदत' एकदाही दाबलं नव्हतं. त्याला सतरा दिवस झाले होते.

मी तिथल्या तिथे तिसरं वाक्य पुसून टाकलं. मग प्रोग्रामच उडवला. उगाच खोटं कशाला लिहू, लगेच घाबरलो नव्हतो. भीती त्यानंतरची. आधी जे वाटलं ते वेगळंच होतं. कुणीतरी माझ्याआधी गेलं, असं वाटलं.

संध्याकाळी ताईचा फोन आला.

"तुला थँक्यू म्हणायचं होतं रे."

"कशाबद्दल?"

"नाटकं करू नकोस. बाबांनी सांगितलं. रोज दुपारी सुट्टी काढून त्यांच्याजवळ बसतोस, एक ते पाच. कालच्या कॉलला दिसलास की बाजूला. नुसता खांदाच, पण दिसलास. म्हटलं तुझ्याशीही बोलू, तर बाबा म्हणाले, राहू दे, तो कमी बोलतो." नाक ओढल्याचा आवाज आला. "मी तुला काय काय बोलले होते. सॉरी. चांगला मुलगा आहेस तू."

माझ्या तोंडाशी आलं होतं, ताई, तो मी नव्हतो. एवढंच म्हणायचं होतं. पण मग, मी कुठे होतो, हेही सांगावं लागलं असतं. ते अडतीस वेळाही सांगावं लागलं असतं.

"असू दे," मी म्हणालो.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला सोल्डरिंगची तापलेली सळई माझ्या डाव्या मनगटाच्या आत लागली. असं रोज होतं, पण या वेळी जरा जास्त. चिमट्याच्या आकाराचा, बोटभर लांब, लालभडक चट्टा. मालक म्हणाला, "वा, कंपनीचा शिक्का." मी पाण्याखाली हात धरला, बाही खाली केली आणि काम सुरू केलं.

एक वाजून दहा मिनिटांनी चिमटा जेवायला गेला. दुकानात मी एकटा. मी कॅमेरा उघडला.

बाबा होते. कॅमेरा पडद्याच्या वर, त्यामुळे ते माझ्याकडेच बघतायत असं दिसत होतं. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर. आणि टाइप करण्याचा आवाज येत होता. दहा बोटांचा. कीबोर्ड चित्रात दिसत नव्हता, तो खाली राहतो. चित्राच्या डाव्या कडेला, म्हणजे बाबांच्या उजवीकडे, स्टुलाचा एक पाय आणि त्याच्यावर एक गुडघा होता. राखाडी पँट. मी माझ्या पँटकडे बघितलं नाही.

बाबांच्या ओठांची हालचाल होत होती. आवाज मोठा केला.

"...मग तिथून पुढे 'माझी चूक झाली' असं लिही," ते सांगत होते. "आणि पट्टीचं लिही. पट्टीने मारलं त्याचं. ते राहायला नको. लिहिलंस?"

आवाज थांबला.

"मला हे तोंडाने नाही जमायचं," बाबा म्हणाले. "तू लिहितोयस म्हणून जमतंय."

मग ते गुडघ्यावरचा हात उचलून माउसकडे नेऊ लागले. माउस सरकला, बाण चुकला. तेव्हा डाव्या कडेतून एक हात आत आला आणि त्यांच्या हातावर ठेवला गेला. घाई नव्हती. बोटांवर बोटं ठेवून, लहान मुलाला अक्षर गिरवायला शिकवतात तसा तो हात त्यांचा हात हळूहळू घेऊन गेला. बाही वर सरकलेली होती.

मनगटाच्या आत चट्टा होता. बोटभर, चिमट्याच्या आकाराचा. अजून ओला.

बाबा हसले. मी त्यांचा मुलगा आहे आणि तेवीस वर्षांत ते हसू मी पाहिलेलं नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर त्याला जागा आहे, हेच मला माहीत नव्हतं.

मग त्या हाताने बाबांचा हात सोडला आणि तो वर आला. बोट सरळ कॅमेऱ्याकडे. चित्र काळं झालं. बंद नाही झालं. बोट ठेवलं की होतं तसं, कडांना थोडं लाल.

७

मी दुकान तसंच उघडं टाकून पळालो. पोचायला नऊ मिनिटं लागली. जिन्यात आवाज चालूच होता. मी दारापाशी थांबलो तेव्हा तो थांबला.

मी किल्ली लावली नाही. बेल वाजवली. स्वतःच्या घराची बेल मी त्याआधी कधी वाजवली होती, आठवत नाही.

"कोण आहे?" बाबांचा आवाज, आतल्या खोलीतून.

"मी आहे बाबा."

मग बाबा, हलक्या आवाजात, माझ्याशी नव्हे: "कुणीतरी आलंय रे."

"बाबा, दार उघडा. मी आलोय. खरंच आलोय."

"माझा मुलगा बसलाय जवळ," ते मोठ्याने म्हणाले, दारावर आलेल्या विक्रेत्याशी बोलतात तसं, सभ्यपणे. "आम्ही जरा कामात आहोत."

मग खुर्ची नाही, स्टूल सरकल्याचा आवाज आला. लाकडाचा, फरशीवर. पावलं. आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत, तिथून दाराकडे. मी चालतो तशी, डावा पाय जरा घासत. दारातल्या भिंगात उजेडाचा ठिपका होता, तो गेला. पलीकडून कुणीतरी बघत होतं. दारामागून श्वास येत होता आणि तो माझ्या श्वासाच्या बरोबरीने येत होता. मी रोखला की तो थांबायचा.

मग माझा आवाज म्हणाला, अगदी शांतपणे, गिऱ्हाइकांशी बोलतो त्या गोड आवाजात:

"तसेच बसून राहा. मी येतोय."

पावलं परत आत गेली. टाइप करण्याचा आवाज सुरू झाला.

आता शरमेची गोष्ट सांगतो. किल्ली माझ्या हातात होती. आतून कडी लावलेली नव्हती. कडी लावली की दार किंचित बाहेर येतं, आणि ते आलेलं नव्हतं. मला आत जाता आलं असतं. मी गेलो नाही. मी जिन्याच्या पायरीवर बसलो. भीतीने, हे आहेच. पण दुसरंही होतं. आत बाबा माझी माफी मागत होते, आणि ती घ्यायला जो बसला होता तो अडतीस हाकांना आला होता. मी कुठल्या तोंडाने म्हणणार होतो, ऊठ, ती जागा माझी आहे?

मी हात गुडघ्यांवर ठेवून बसलो. जिन्याच्या खिडकीतलं ऊन पायऱ्यांवरून सरकत भिंतीवर गेलं. पाचाच्या ठोक्याला आवाज थांबला. मग मी किल्ली लावली.

८

आत बाबा एकटे होते. संगणक बंद, हिरवा दिवा विझलेला. स्टूल जागेवर. चेहरा धुतल्यासारखा ताजा.

"या," ते म्हणाले. "दुकानातून आलात ना? मुलगा म्हणाला होता, कुणीतरी येईल बघायला. तो आत्ताच गेला. बसा, चहा टाकतो."

मला वाटलं, चेष्टा आहे. बाबा चेष्टा करत नाहीत.

डॉक्टरांनी दोन वेळा तपासलं. त्यांना तारीख येते, वार येतो, शंभरातून सात-सात वजा करत शेवटपर्यंत जातात. ताई ओळखू येते, इस्त्रीवाला ओळखू येतो, आईचा वाढदिवस पाठ आहे. मुलाबद्दल विचारलं तर भरभरून बोलतात. हुशार आहे, मनगटावर भाजल्याची खूण आहे, कमी बोलतो पण रोज येतो. मी समोरच उभा असतो. डॉक्टर माझ्याकडे बघतात, मी जमिनीकडे.

संगणक मी उचलून दुकानात आणला होता. त्याच्या तिसऱ्या दिवशी ताई म्हणाली, कालचा कॉल मस्त झाला, तुझा आवाजही ऐकू आला. मी संगणकाची धूळ पुसली आणि परत नेऊन ठेवला. दारात बाबा म्हणाले, "अहो, कशाला त्रास घेतलात? पोरगा बघतो ना सगळं."

'पत्र' मला अजून उघडता आलेलं नाही. मी न लावलेलं कुलूप त्याला आता लागलेलं आहे. वही मात्र बघितली. बारावी पायरी पूर्ण झाली होती, खाली पट्टीने रेघ.

'पायरी १२ : दुसरा कुणी आल्यास नंतर या म्हणणे. दुखवू नये.'

मी दुकानाच्या माळ्यावर झोपतो. ताईला वाटतं मी घरी आहे, आणि ती रोज मला तिथे बघते. तीन वाक्यं लिहायला मला दहा मिनिटं लागली होती. त्यात माझे वडील गेले. ते जिवंत आहेत, तब्येत चांगली आहे.